कार्डाची मागची बाजू

मित्रांनो, कसबा पेठेत तांबट आळीच्या तोंडाशी जयसिंगरावांचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथं तुम्ही खिळे नाहीतर बिजागऱ्या घ्यायला येता आणि ज्याच्यावर कोपर टेकवून "जरा लवकर बघा हो" म्हणता, ते खणाखणांचं जुनं लाकडी कपाट म्हणजे मी. मला चाळीस खण आहेत. प्रत्येक खणाला पितळी कडी आणि कडीच्या वर चिठ्ठी सरकवायची छोटी चौकट आहे. त्या चौकटींत आता 'दीड इंची', 'चपटा स्क्रू', 'वायसर' अशा चिठ्ठ्या आहेत. एके काळी तिथं 'पाणी', 'माती', 'हाडं', 'ताप', 'पीक' असं लिहिलेलं होतं. मी खिळे ठेवायला जन्मलो नव्हतो. कशाला जन्मलो होतो ते सांगतो. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे मागाहून तक्रार नको.

माझा जन्म याच पेठेतला, १९८८ सालचा. उत्तरेश्वर सुतारांनी मला घडवलं. एका पाडलेल्या शाळेच्या सागवानी तुळया त्यांनी घेतल्या होत्या. माझ्या खणांच्या कोपऱ्यांना त्यांनी एकही खिळा मारला नाही, लाकडात लाकूड अडकवून सांधे केले. नशीब बघा, आज माझ्या पोटात खिळ्यांशिवाय काही नाही. मला हातगाडीवर चढवताना उत्तरेश्वर कॉलेजच्या शिपायाला म्हणाले होते, "पन्नास वर्षं खण अडकणार नाही. अडकलाच, तर आधी मागं काय पडलंय ते बघा. खणाला दोष देऊ नका."

मी गेलो नदीपलीकडच्या एका जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात. कॉलेजचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून पेन्शन घेत आहेत. त्या ग्रंथालयात देशोदेशीची जर्नलं यायची. जर्नल म्हणजे संशोधक आपला शोध पहिल्यांदा जिथं छापतात ते नियतकालिक. त्यातल्या एकेका लेखाचं एकेक जाड कार्ड माझ्या खणांत असायचं. कार्डावर लेखाचं नाव, लेखक, वर्ष, पान, सगळं इंग्रजीत टाइप केलेलं. कार्डाला खाली भोक, त्यातून पितळी सळई गेलेली, म्हणजे कुणी कार्ड पळवू नये. वाचायचं तर कार्ड बोटांनी पुढं वाकवायचं. मागची बाजू कोरी असायची.

मी बाहेरच्या दालनात उभा होतो. जर्नलं मात्र शेजारच्या खोलीत कुलपात असायची. त्या खोलीवर पाटी होती: 'संशोधन कक्ष. पदवीच्या विद्यार्थ्यांनी आत येऊ नये. का, ते विचारू नये.' पुण्यातली पाटी, तिच्याशी वाद कोण घालणार?

दालनात टेबलाशी ललिताबाई बसायच्या. त्या सहायक ग्रंथपाल. बिबवेवाडीहून पीएमटीनं यायच्या, चष्म्याला काळी दोरी, बोलणं मोजकं आणि तिखट. 'शांतता राखा' ही पाटी त्यांनी काढायला लावली होती. मी बसलेय ना, म्हणायच्या. नियम म्हणजे नियम, असा त्यांचा खाक्या होता. वाईट बाई नव्हत्या, पण तोवर त्यांना नियमापलीकडं बघायची गरज पडली नव्हती.

१९९२च्या पावसाळ्यात यवतमाळकडचा बद्रीनाथ नावाचा मुलगा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आला. अंगानं किडकिडीत, हातात वही. टेबलापाशी बराच वेळ घुटमळला आणि मग एका दमात बोलला.

"मॅडम, माह्या बहिणीचे पाय वाकडे होऊन राह्यले. गावात लय पोरायचे तसेच हायेत. दात बी पिवळे. ह्याच्यावर कोणं शोध लावला हाय का?"

ललिताबाईंनी शिक्का मारता मारता, वर न बघता उत्तर दिलं, "ते पदवीला लागत नाही. एम.एस्सी.ला आलात की बघू."

तो "बरं" म्हणाला आणि गेला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? अशी उत्तरं मी रोज ऐकत होतो. पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा आला, पुस्तकं परत करायला. कॉलेज सोडून तो भोसरीच्या एका कारखान्यात लागणार होता. पुस्तकांना त्यानं वर्तमानपत्राची कव्हरं घातली होती. ललिताबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, बहीण कशी आहे? तो म्हणाला, "बसूनच राह्यते आता." बोलण्यात तक्रार नव्हती. त्यानं पुस्तकं मोजून दिली, पावती घेतली आणि निघून गेला.

महिन्याभरानं जुनी जर्नलं बांधणीला काढली. ललिताबाई पानं तपासत होत्या. एका पानावर त्यांचा हात थांबला. पानावर आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा फोटो होता. गुडघे एकमेकांना टेकलेले आणि पावलं लांब फाकलेली. लेख तेरा वर्षांपूर्वीचा होता. खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार जास्त असला की दात पिवळे पडतात आणि वाढत्या हाडांना बाक येतो, असं त्यात लिहिलं होतं. बद्रीनाथ जिथं उभा राहिला होता तिथून तो लेख बारा पावलांवर होता. ललिताबाईंनी ती पावलं मोजली. मी समोरच उभा होतो, मी पाहिलं.

त्यांनी बद्रीनाथच्या गावच्या पत्त्यावर पत्र धाडलं. ते 'गाव सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आलं. सरपंचांना लिहिलं, त्यांचं उत्तर आलं नाही. भोसरीत कारखाने शेकड्यांनी, तिथं मुलाला कुठं शोधणार? एका संध्याकाळी दालन रिकामं झाल्यावर त्यांनी माझ्या एका खणाची सळई काढली, त्या लेखाचं कार्ड उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर मराठीत लिहिलं.

"काय शोधलं: पोरांचे पाय का वाकतात. कसं शोधलं: सतरा गावांचं पाणी आणि हाडं तपासून. काय सापडलं: खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. ते पाणी बंद करून उघड्या विहिरीचं दिलं तर लहान पोरांचं पुढचं नुकसान टळतं. काय अजून माहीत नाही: वाकलेलं हाड पुन्हा सरळ होतं का."

त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. ती मी शेवटी सांगेन.

त्या दिवसापासून माझं खरं आयुष्य सुरू झालं. पदवीच्या मुलांना जर्नल द्यायचं नाही, हा नियम त्या खोलीचा होता. बाहेर उभ्या असलेल्या कपाटाला तो लागू नव्हता. ललिताबाई रोज एक लेख वाचायच्या आणि त्याच चार ओळी कार्डामागं लिहायच्या. न कळलेले शब्द प्राध्यापकांना जिन्यात गाठून विचारायच्या. माझ्या चौकटींत साध्या मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या आल्या. पोरांना लेखाचं इंग्रजी नाव माहीत असायचं कारण उरलं नाही. पाण्याबद्दल प्रश्न असला की 'पाणी'चा खण ओढायचा, कार्ड वाकवायचं, मागं वाचायचं. एका प्राध्यापकांनी विचारलं, शास्त्र मराठीत कशाला? ललिताबाई म्हणाल्या, "इंग्रजीत आहेच की पुढच्या बाजूला. आपण वाचलंय का?"

पोरं यायला लागली. वाशीम, परभणी, यवतमाळकडची, वर्गात मागच्या बाकावर बसणारी. कपाशीवरच्या अळीचं कार्ड वाचून एकानं बापाला पत्र लिहिलं. एकीनं वसतिगृहाच्या टाकीचं पाणी तपासलं आणि रेक्टरचा रोष ओढवून घेतला. माझ्या कड्या हाताळून हाताळून सोन्यासारख्या झाल्या. मित्रांनो, मला तेव्हा फार गर्व होता. बाहेरून एक तपासणी समिती आली, तिनंही माझी तारीफ केली. त्यांनी सागवानाची तारीफ केली, खण कुणी उघडला नाही, पण मी तेवढ्यावरही खूश झालो.

१९९६मध्ये मुक्ताई आली. वाशीमची शेतमजुराची मुलगी, 'कमवा आणि शिका'त दोन तास ग्रंथालयात काम करायची. अक्षर मोत्यासारखं. ललिताबाई लेख वाचून तिला सांगायच्या, ती लिहायची. लिहून झालं की ललिताबाई विचारायच्या, कळलं का? मुक्ताईनं मान डोलावली तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही, त्या तिला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावायच्या. तिला नाही सांगता आलं तर कार्ड बाद, पुन्हा नवं. "तुला कळलं नाही म्हणजे मला कळलं नाही," असं त्या म्हणायच्या. अशी दोन हजार सातशे कार्डं झाली. दोघींनी मिळून केलेलं ते काम आणि ते माझ्या पोटात होतं.

मग संगणकाचं वारं आलं. रस्त्यारस्त्यावर संगणकाचे क्लास निघाले, हिंजवडीकडं काचेच्या इमारती उठू लागल्या. २००१ साली आमच्या ग्रंथालयाचंही संगणकीकरण ठरलं. कार्डं संगणकात भरायचं काम एका कंपनीला दिलं आणि कंपनीनं ज्या चार मुली पाठवल्या त्यांत मुक्ताई होती. बी.एस्सी. झाली होती, पुढं शिकायचं राहिलं, विश्रांतवाडीला तिघींबरोबर खोली घेऊन ती हे काम करत होती. मला बघून तिनं पहिली कडी धरली ती कितीतरी वेळ सोडली नाही.

ललिताबाईंच्या निवृत्तीला तेव्हा दीड महिना उरला होता. त्यांना एकच घोर लागला होता. मागची बाजू संगणकात जाईल की नाही?

मुक्ताईच्या वर ऋषी नावाचा सुपरवायझर होता. तिनं त्याला कार्ड उलटं करून दाखवलं. त्यानं पाहिलं, वाचलंसुद्धा.

"भारी आहे, पण मराठी आहे. आपलं सॉफ्टवेअर मराठी घेत नाही. फ्रंट साइड टाक, पुढं चल. डेडलाइन आहे."

तो काही दुष्ट नव्हता. सॉफ्टवेअर खरंच मराठी घेत नव्हतं. दोष कुणाला द्यायचा? पण पुढची बाजू मुलांना पूर्वीही कळत नव्हती आणि नेमकी तीच तेवढी संगणकात चालली होती.

मुक्ताईनं एक वाट काढली. प्रत्येक नोंदीच्या शेवटी शेऱ्यासाठी छोटी रिकामी जागा होती. तिथं तिनं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, 'मागची बाजू पाहावी'. इतर तिघींनाही तिनं तसंच करायला लावलं. दोन हजार सातशे वेळा. शेवटच्या दिवशी ललिताबाईंना तिनं ते पडद्यावर दाखवलं आणि म्हणाली, "नोंद तिकडं दिसेल, वाचायला पोरं इकडं येतील. कपाट कुठं जातंय, बाई?" ललिताबाईंच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी हसू आलं. त्यांना ते पटलं. मलाही पटलं. आम्हा तिघांची ती चूक होती. दोघींनी माझ्यावर विसंबून राहायला नको होतं.

ललिताबाई निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत माझी जागा संगणकाच्या टेबलांना हवी झाली. चार शिपायांनी मला उचलून जिन्याखाली नेलं. मुलं येता-जाता खण ओढतील म्हणून तोंड भिंतीकडं करून ठेवलं. पोटात सगळी कार्डं तशीच होती. माझ्या चाळीस कड्या भिंतीला टेकल्या आणि जगाकडं माझी पाठ झाली.

दोन वर्षांनी ललिताबाई मला शोधत आल्या. ऑफिसातल्या कारकुनानं सांगितलं, "सेफ आहे हो, जिन्याखाली." त्या आल्या. मला फिरवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण माझं वजन चार माणसांचं. दोन शिपायांना विनवलं, ते उद्या म्हणाले. कार्डं तरी मला द्या, अशी त्यांनी मागणी केली. त्यावर उत्तर मिळालं की हा कॉलेजचा माल आहे, निर्लेखन समिती बसली की कळवू. निर्लेखन म्हणजे जुनी वस्तू दप्तरातून कमी करणं. समिती काही बसली नाही. जाताना ललिताबाईंनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला. पुन्हा त्या आल्या नाहीत. पुढं शिपायांच्या बोलण्यात आलं की त्यांची नजर गेली.

आता जे सांगतो ते सांगताना मला फार जड जातं. २००७ सालची गोष्ट. श्रद्धा नावाची मुलगी पहिल्या वर्षाला आली होती, यवतमाळकडचीच. जिन्याखालून मला दालनातलं दिसायचं नाही, पण ऐकू सगळं यायचं. ती संगणकावर एकेक इंग्रजी शब्द टाकत होती आणि मैत्रिणीला हळू आवाजात वाचून दाखवत होती. हाड, पाय, मुलं. तिचा भाऊ सोनू सहा वर्षांचा होता आणि त्याचे गुडघे एकमेकांना घासायला लागले होते. डॉक्टर कॅल्शियमच्या गोळ्या देत होते. बऱ्याच वेळानं तिला ते नाव सापडलं. ललिताबाईंच्या कार्डाचं. इंग्रजी नावातलं तिला निम्मंच कळलं, पण खाली शेरा होता आणि तो तिला वाचता आला.

ती काउंटरवर गेली. "मॅडम, इथं मागची बाजू पाहावी असं लिहून हाय. ते कुठं राह्यते?"

काउंटरवरच्या नव्या बाईंचा आवाज आला, "कॉम्प्युटरच्या मागं वायरी असतात. हात लावू नका."

आजूबाजूची पोरं हसली. मित्रांनो, मी तिच्या चपलांचा आवाज ऐकला, ती मुलगी खरंच टेबलाला वळसा घालून संगणकाच्या मागं जाऊन बघून आली. कुणी सांगावं, असेलही तिथं काही, असं तिला वाटलं असणार. मग तिनं तो लेख तरी द्या म्हटलं. जुनी जर्नलं रद्दीत गेली होती. आता सगळं ऑनलाइन होतं आणि त्याचा पासवर्ड फक्त प्राध्यापक आणि एम.एस्सी.च्या मुलांना होता. "ते पदवीला लागत नाही," काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी ऐकलेलं वाक्य मी जसंच्या तसं पुन्हा ऐकलं.

श्रद्धा बाहेर आली आणि जिन्याखाली सावलीत बसली. तिनं डबा उघडला आणि पाठ टेकवली ती माझ्या पाठीला. डबा तिनं खाल्ला नाही. पोळीचा तुकडा मोडून हातात धरून ती बसून राहिली. 'पाणी'चा खण तिच्या डाव्या खांद्यामागं होता. मधे फक्त माझी पाठीची फळी होती, बोटभर जाडीची. बोअरचं पाणी बंद करा, उघड्या विहिरीचं द्या, एवढंच तिला सांगायचं होतं. सोनू सहा वर्षांचा होता, अजून वेळ गेली नव्हती. मी लाकूड. उन्हानं लाकूड तडकतं तसं तरी तडकावं असं मला वाटलं, पण उत्तरेश्वरांनी मला फार चांगलं घडवलं होतं.

वरून घंटा झाली. तिनं डबा बंद केला, डोळे पुसले आणि तासाला गेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचा आवाज ग्रंथालयात आला नाही. सोनूचं काय झालं, ते मला माहीत नाही.

आणखी दोन वर्षांनी ती समिती एकदाची बसली. एका भंगारवाल्यानं मला उचललं आणि फिरत फिरत मी जयसिंगरावांकडं, माझ्या जन्माच्या पेठेत परत आलो. त्यांनी सळया काढून पितळ वेगळं केलं. कार्डं त्यांना पाहताक्षणी आवडली. जाड होती, एका मापाची होती आणि भोक आयतं पडलेलं. खिळ्यांच्या पोत्यांना बांधायला याहून चांगली लेबलं कुठं मिळणार? मार्करनं जाड अक्षरांत माप लिहायचं आणि सुतळीनं बांधायचं. मुक्ताईचं मोत्यासारखं अक्षर असं पोत्यापोत्यानं पुण्याबाहेरच्या बांधकामांवर गेलं आणि सिमेंटच्या पाण्यात विरघळलं. मुक्ताईला हे ठाऊक नसेल. तिच्या मते मी अजून त्याच दालनात उभा असेन.

मित्रांनो, तुम्ही कॉलेजात जाल. तिथं तुम्हाला कुणी 'हे तुम्हाला लागत नाही' म्हणेल, तेव्हा 'बरं' म्हणून परत फिरू नका, पुन्हा विचारा. आणि उद्या तुम्हीच टेबलाच्या त्या बाजूला बसलात, तर शिक्का खाली ठेवा आणि वर बघा. कुणीतरी कष्टानं सोपं करून लिहिलेलं जपून ठेवा, ते नुसतं 'सेफ आहे' म्हणून भिंतीकडं तोंड करून ठेवू नका. मी चाळीस खणांचा असून मला एक शब्द बोलता आला नाही. तुम्हाला बोलता येतं.

एक सांगायचं राहिलं. डाव्या हाताचा, खालून दुसरा खण पुरता बंद होत नाही. जयसिंगराव म्हणतात, सागवान फुगलंय. फुगलेलं नाही. त्यांनी सळया काढल्या तेव्हा एक कार्ड त्या खणाच्या मागं पडलं आणि तिथंच अडकून बसलं. सगळ्यांत पहिलं कार्ड. कधी दीड इंची खिळे घ्यायला आलात, तर तो खण पूर्ण बाहेर ओढा आणि आत हात घाला. मागच्या बाजूला चार ओळी आहेत, त्या यवतमाळकडच्या कुणाला तरी कळवा. आणि त्यांच्याखालची ललिताबाईंच्या हातची पाचवी ओळ स्वतःसाठी वाचा:

"विचारणारा: बद्रीनाथ. उत्तर बारा पावलांवर होतं. मी उठले नाही."